रुपयाला दाते का आले

फार जुनी गोष्ट. तेव्हा रुपया चांदीचा असायचा आणि त्याची कड गुळगुळीत असायची. एका बाजारगावात एक पोतदार होता. नाणं खरं की खोटं हे सांगणं त्याचं काम. दगडावर रुपया वाजवायचा, कान द्यायचा आणि म्हणायचा, "खरा आहे, घे." गाव डोळे मिटून घ्यायचं.

डोळे मिटले की चोराचं फावतं. रुपया परत देण्याआधी पोतदार त्याच्या कडेवर हळूच कानस फिरवी. चांदीचा चुरा मडक्यात जाई.

बायको म्हणायची, "अहो, हे बरं नव्हे."

"अगं, चिमणीनं चोच बुडवली म्हणून विहीर आटते का?"

पण चिमणी एकटी थोडीच होती. तेल्यानं पाहिलं, त्यानं कानस आणली. वाण्यानं आणली. पुढं सगळं गावच घासायला बसलं, मूर्ख लेकाचे. झिजून झिजून रुपया आठ आण्यांच्या अधेलीएवढा झाला.

अशात पोतदाराच्या मुलीचं लग्न आलं. मांडव पडला, आचारी आला. मिठाच्या गोण्या बैलांवर लादून लमाणही वेशीशी आला. त्यानं गावचा रुपया तागडीत टाकला आणि परत केला.

"हा नको. लग्नापर्यंत माझा तळ आहे. पुरता रुपया आणा, मीठ न्या."

पोतदारानं मडकं पुढं केलं. "ही घे, निव्वळ चांदी."

लमाण हसला. "पोतदारबाबा, भुकटीवर राजाचा शिक्का कुठं असतो? आणि हिची पारख करणार कोण, तुम्हीच?"

पोतदार घरी येऊन बसला. अळणी पंगत वाढली तर व्याही भरल्या पानावरून उठणार. तो पुटपुटला, "तेल्यावर आळ घातला तर खपेलही."

बायको म्हणाली, "तेल्याचं नाव घेऊन आमटीत मीठ पडेल का?"

तसा तो उठला आणि थेट टांकसाळीत गेला. कारभाऱ्यापुढं मडकं ठेवलं.

"गावाची चांदी आहे. मीच खरवडलेली. हिचे रुपये पाडा, पण कडेला दाते ठेवा. कानस लागली की दाते जातील. आंधळ्यालाही नखानं कळेल."

"तुला बरं ठाऊक!"

"गुळगुळीत कड मीच खाल्ली ना."

कारभाऱ्यानं त्याची पोतदारी काढून घेतली आणि दातेरी रुपये पाडून गावात वाटले. तांब्याचा पैसा गुळगुळीतच ठेवला. तांबं घासून कुणाचं पोट भरणार?

लमाणानं नव्या रुपयावर नख फिरवलं. कर्रर्र वाजलं. गोण्या उतरल्या.

पंगत बसली, पानावर आधी मीठ पडलं. पोतदारानं व्याह्याच्या हातावर आहेराचा कोरा रुपया ठेवला. व्याह्यानं हसत हसत, सगळ्यांदेखत, कडेवर नख फिरवलं.

कर्रर्र.

पोतदार पानातल्या मिठाकडं बघत राहिला.

तात्पर्य घ्यायचं तर एवढंच घ्या: झिजलेला रुपया वितळवून नवा पाडता येतो, झिजलेला भरवसा नाही.