लहान ट्रॅक्टर आणि मळणीचा रूळ

खळी मोडत चालली होती, पण खळ्यावरची अवजारं अजून एकमेकांशी बोलत होती, तेव्हाची ही गोष्ट.

भागुजीच्या अंगणात पुढं लोखंडी सुपडं लावलेला लहानगा ट्रॅक्टर आला. भागुजी म्हणाला, "गड्या, गुरांची पाण्याची दगडी डोण उचलून गोठ्यापाशी नेलीस तर राहशील. नाहीतर दुकानात परत."

कोपऱ्यात मळणीचा दगडी रूळ पडून होता. तो म्हणाला, "पोरा, मला मागं बांधून घे. नाहीतर तोंडावर पडशील."

"लोळायचं काम गेलं, आता फुकट फिरायचंय होय म्हातारबा?" ट्रॅक्टर गुरगुरला. त्याला वाटलं, हा मुद्दाम आपल्यावर ओझं घालतोय. आपण हरलो की हा हसणार.

त्यानं डोण उचलली. ती गुडघ्याएवढी वर आली अन् मागची चाकं जमिनीवरून सुटली. वर बसलेल्या भागुजीनं घाईनं डोण खाली टेकवली.

ट्रॅक्टर घाबरला, तरी संशय जाईना. "आजोबा, यात तुम्हाला काय मिळणार?"

"गोठ्याची वाट माझ्या शेजारूनच जाते. तू कलंडलास तर डोण माझ्यावरच पडेल की रे."

हे मात्र ट्रॅक्टरला पटलं. तो मागं सरकत रुळाला जाऊन टेकला. भागुजी म्हणाला, "खरंच की! मागं वजन हवं. बैलगाडी मागच्या ओझ्यानं उलाळ झाली की आपण पुढं धुरेवर माणूस बसवायचो." त्यानं रूळ ट्रॅक्टरच्या मागं अधांतरी बांधला. डोण गोठ्यापाशी पोचली.

"आजोबा, आता राहा पाठीवरच," ट्रॅक्टर म्हणाला.

"सुपड्यात काही आहे का?"

"नाही."

"मग उतरव मला. रिकाम्याला मी लागत नाही."