बाई सांगतील तेवढंच

एका गावात एक भोळा मास्तर होता. गावाचं नाव आंबेखळ, आणि मास्तर म्हणजे मी, त्र्यंबक घोलप. 'भोळा' हा शब्द माझ्या बायकोचा. बाकीचे लोक वेगळा शब्द वापरतात.

आंबेखळच्या शाळेत सातवीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. मुख्याध्यापिका गुंजाळबाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "आठवडाभर शिकवून बघा. शनिवारी तपासणीला साहेब येणार आहेत. त्यांना तुमचा वर्ग पसंत पडला, तर पुढेही तुम्हीच."

तोवर मी डी.एड. होऊन सासऱ्यांच्या पिठाच्या गिरणीत बसत होतो. सासरे भले माणूस. पण रोज जेवताना विचारायचे, "काय गुरुजी, शाळा कधी?" मग मी ताट अर्धंच टाकून उठत असे. त्यामुळे ही नोकरी मला हवीच होती.

सोमवारी डबा हातात देताना बायको इंदुमती म्हणाली, "अहो, बाई सांगतील तेवढंच करा. स्वतःचं डोकं चालवू नका."

मी म्हटलं, "एवढंच ना?" डोकं न चालवणं मला कधीच जड गेलेलं नाही.

शाळेत पोचताच बाईंनी सांगितलं, "घोलप गुरुजी, आजकाल मास्तरांनी बडबड करायची नसते. मुलांना बोलू द्या. तुम्ही ऐका."

अपूर्णांकाचा धडा होता. मी फळ्यावर 'अपूर्णांक' असं लिहिलं, खुर्चीवर बसलो आणि म्हटलं, "बोला."

मुलं बोलायला लागली. अपूर्णांक सोडून सगळ्यावर बोलली. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या काकांनी दाढी वाढवली, सगळं मला कळलं. मी मन लावून ऐकत होतो. दुपारपर्यंत आवाज इतका चढला की बाई धावत आल्या.

"काय चाललंय हे?"

"मुलं बोलतायत."

"कशाबद्दल?"

"आत्ता तुमच्याबद्दल," मी म्हटलं. खोटं कशाला बोला?

बाईंचा चेहरा लाल झाला. "गुरुजी, वर्गावर वचक हवा! मी सांगेपर्यंत एकही मूल जागचं हलता कामा नये. हूं नाही की चूं नाही."

माझं चुकलंच होतं. मी ते पाठ करून टाकलं.

मंगळवारी पहिलाच तास खेळाचा होता. मुलं मैदानावर गेली, कबड्डीचे दोन संघ झाले. मी म्हटलं, "बाई सांगेपर्यंत एकही मूल जागचं हलणार नाही. हूं नाही की चूं नाही. करा सुरू."

आता हलायचं नाही आणि बोलायचं नाही, म्हणजे कबड्डी जरा सावकाश चालते. चढाई करणारा पोरगा रेषेवर एक पाय उचलून उभा राहिला. वर्गाची मॉनिटर मुक्ता शेळके ओठ न हलवता म्हणाली, "गुरुजी, मुंगी चावतेय."

"चावू दे," मी म्हटलं. "मुंगीला हलायला बंदी नाही."

उन्हात मुलं खांबासारखी उभी. एकाच्या डोक्यावर कावळा येऊन बसला. तो उडाला तो बाईंच्या ओरडण्यानेच.

"अहो गुरुजी, मुलांना पळवा! चांगला घाम निघू दे, छाती धडधडू दे. त्याशिवाय शरीर बनतं का?"

खरं होतं. शरीराचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता.

बुधवारी तालुक्याहून डॉक्टर आले, मुलांची तब्येत तपासायला. तब्येत म्हणजे शरीरच. मी डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, चहा घ्या, मी मुलं तयार करून आणतो." आणि सगळ्या वर्गाला मैदानाभोवती पळवलं. घाम निघाला, छाती धडधडायला लागली, तशीच आणून डॉक्टरांपुढे उभी केली.

डॉक्टर एकेकाची नाडी बघत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. दहाव्या मुलाला त्यांनी हात लावला आणि बाईंना हळूच विचारलं, "या गावात पाणी कुठून येतं?" मग त्यांनी सगळ्या वर्गाला हलवायला गाडी मागवली. गाडी यायच्या आत मुलं गार झाली म्हणून निभावलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "कोणी बघायला आलं की मुलांना रांगेत शांत उभं करायचं असतं! तोंड उघडायचं, जीभ पूर्ण बाहेर काढायची आणि मोठ्यांदा 'आ' करायचं. एवढं साधं कळत नाही?"

"आता कळलं," मी म्हटलं.

गुरुवारी सरपंच सुलभाताई आल्या. त्यांनी वर्गाला नवा पंखा दिला होता. दारातूनच प्रेमाने म्हणाल्या, "म्हटलं, जरा बघून जाऊ."

बघायला आल्या म्हटल्यावर मी मुलांना खूण केली. वर्ग रांगेत उभा राहिला. सगळ्यांनी जिभा बाहेर काढल्या आणि सरपंचताईंच्या तोंडावर एकदम केलं, "आऽऽऽ!"

मी शेवटच्या ओळीतल्या पोराला म्हटलं, "अजून बाहेर काढ, ताईंना नीट दिसत नाही."

सुलभाताईंनी वर पंख्याकडे बघितलं, खाली जिभांकडे बघितलं. म्हणाल्या, "पंखा दिला तर ही तऱ्हा. ट्यूबलाइट दिली असती तर काय केलं असतं?" आणि तरातरा निघून गेल्या.

संध्याकाळी बाईंचा आवाज बसला होता. घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, दारी कोणी आलं, तर उठून उभं राहावं. टाळ्या वाजवाव्यात. आपल्यातलं काही खायला पुढे करावं. आणि जाताना 'पुन्हा या' म्हणावं. माणुसकी असते काही!"

मला मनापासून लाज वाटली. घरी जेवताना सासऱ्यांनी विचारलं, "कसं चाललंय?" मी म्हटलं, "शिकतोय." ते म्हणाले, "शिकवायचं असतं ना?"

शुक्रवारी मुलं व्हरांड्यात खिचडी खायला बसली आणि कुंपणावरून माकडांची टोळी आली. मुलं घाबरून मागे सरली. मी म्हटलं, "अरे, दारी कोणी आलंय! उठा. टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. टाकीवर बसलेली माकडंही तेवढ्याने खाली आली. मुलांनी ताटल्या पुढे केल्या. हुप्प्या पाय पसरून निवांत जेवला. मग माकडांनी पातेलं रिकामं केलं, ऑफिसातला बाईंचा डबाही नेला. ती निघाली तेव्हा सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "पुन्हा या!"

बाई उपाशी होत्या, त्यामुळे जास्तच चिडल्या. "गुरुजी! खिचडीच्या पातेल्याला कोणी तोंड लावताना दिसलं, की ताटल्या बडवायच्या, बोंबा मारायच्या आणि पार फाटकाबाहेर हाकलायचं! पाठ सोडायची नाही!" मग जरा निवून म्हणाल्या, "उद्या साहेब येणार. तुमची नेमणूक त्यांच्या हातात आहे. उद्या तरी सांभाळा हो."

"उद्या बघाच," मी म्हटलं.

शनिवारी इंदुमतीने माझ्या शर्टाला इस्त्री करून दिली. बाई शाल-नारळ घेऊन मोठ्या फाटकाशी साहेबांची वाट बघत उभ्या राहिल्या. मी मुलांना घेऊन पातेल्यावर नजर ठेवली. स्वयंपाकाच्या पार्वताबाई पाण्याला गेल्या होत्या.

इतक्यात मागच्या फाटकातून एक गृहस्थ आत आले. पन्नाशीचे, पोट सुटलेले, काखेत फाइल. इकडेतिकडे बघितलं, झाकण काढलं, पळीने खिचडी घेतली आणि तोंडाला लावली.

मुक्ता म्हणाली, "गुरुजी, याला शेपूट नाही."

मी म्हटलं, "बाईंनी शेपटाचं काही सांगितलेलं नाही. बडवा ताटल्या!"

असा गजर त्या शाळेत कधी झाला नसेल. गृहस्थांच्या हातून पळी पडली. "अहो, मी चव... मी तपासणी..." असं काहीतरी ते म्हणत होते, पण ताटल्यांपुढे ऐकू येईना. ते पळाले. आम्ही पाठ सोडली नाही. मैदानाला तीन फेऱ्या झाल्या. फाटक काही त्यांना सापडलं नाही. शेवटी ते कडुनिंबावर असे चढले की मुलांनी कोणी न सांगता टाळ्या वाजवल्या.

बाई शाल-नारळासकट धावत आल्या. वर बघितलं. "गुरुजी... ते साहेब आहेत."

डोळ्यांपुढे गिरणी आली, पिठाने पांढरे झालेले सासरे आले. हात जोडून म्हटलं, "बाई, आता काय करू?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "काही करू नका. फक्त त्यांना गोडीगुलाबीने खाली उतरवा."

मी धावत स्वयंपाकघरात गेलो आणि गुळाचा खडा आणला. कुंडीतला एक गुलाब तोडला. दोन्ही लांब काठीच्या टोकाला बांधले, काठी फांदीपर्यंत उंच धरली आणि शक्य तितक्या गोड आवाजात हाक मारली, "या, या, या, च् च् च्!"

साहेब फांदीला मिठी मारून ओरडले, "मास्तर, तुम्ही मला माकड समजलात काय?"

"छे छे साहेब," मी म्हटलं, "माकड असतं तर केव्हाच उतरलं असतं."