घोड्यावरचा माणूस

"...आन् हा एवढा मोठा कोन, रं?"

समोर पसरलेल्या कापडावरच्या चित्राकडे बघत लाडकीबाय पाट्यावर तांदूळ वाटत होती. वारल्यांच्या लग्नघरी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नदेवीचं चौकोनी चित्र, लिहिण्यात तिचं आयुष्य गेलं होतं.

"आपला माणूस!" नवसू म्हणाला. तिनंच शिकवलेला हा पोरगा आता शहरात नाव काढून आला होता, आणि ते त्याच्या चालण्यातही दिसत होतं.

शहरातल्या संग्रहालयात एक जुनं तैलचित्र होतं. जंगल मोजायला आलेला गोरा साहेब घोड्यावर, हात कमरेवर, हनुवटी वर. कोपऱ्यात लगाम धरून एक वारली, इतका अंधारात की त्याला तोंडच नाही. नवसूनं ते तीन महिने पाहिलं आणि गेरूनं सारवलेल्या कापडावर तांदळाच्या पिठानं उलटं काढलं. आता घोड्यावर वारली आणि लगामाशी मुंगीएवढा साहेब. जाणत्यांनी पाठ थोपटली. खोटं कशाला बोलू, मलाही ते पाहून फार बरं वाटलं.

पण शेवटचा ठिपका लाडकीबायनं दिल्याशिवाय नवसू कुठलंही चित्र घराबाहेर नेत नसे. पहिल्या भिंतीपासून तसंच चालत आलं होतं. आणि उद्या प्रदर्शन होतं.

"दे ना ठिपका, बाय. शंभर वर्षांनी साहेबाला खाली उतरवलाय."

"आपल्या चौकात मोठी कोन असते?"

"पालघट देवी."

"आन् मानसं?"

"...सारखी."

बाय थोडा वेळ वाटत राहिली.

"तुज्या त्या मानसासारखा उभा ऱ्हा बघू."

नवसू हसला. उभा राहिला. हात कमरेवर, हनुवटी वर.

"काय दिसतं?"

"आढं."

"आनखी?"

"कौलं... एक फुटलंय."

"मी दिसते?"

वरवंटा थांबला होता. मान खाली घालायचीही नवसूला लाज वाटली.

मग तो हळूच तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि चित्र पुढे सरकवलं.

"बाय... ठिपका?"

तिनं बोट पिठात बुडवलं. कापडावर धरलं. टेकवलं मात्र नाही.

"आदी आपल्या मानसाला उतरव. घोड्याला पानी दाखवायचं हाय."