केवळाईचा विस्तव

फार मागे, दरबारची फर्मानं घोड्यावरून यायची त्या काळात, बोरदऱ्याला केवळाई नावाची सुईण होती. गाव डोंगराच्या घळीत, आणि तिची पाचटाची झोपडी गावकुसाबाहेर. गावात जो जन्मला तो तिच्या, नाहीतर तिच्या आईच्या हातांत. अडलेल्या बाईच्या पोटावर तिनं नुसता तळवा ठेवला तरी आतलं पोर वळायचं, असं म्हणतात. मूल सुखरूप बाहेर आलं की तिला उंबऱ्याबाहेर बसवायचे आणि भाकर वरून टाकायचे. एवढं मात्र म्हातारे गाळून सांगतात.

एका वर्षी दरबाराला पैसा कमी पडला आणि चूलपट्टी आली. ज्या घरात चूल, त्या घराला पट्टी. भरली नाही तर शिपाई तवा, भगुणं, काठवट, हाताला लागेल ते उचलून न्यायचे. लोकांनी चुली लपवल्या, भावाभावांनी एकच चूल आहे म्हणून शपथा घेतल्या. मग कारकुनानं युक्ती काढली. गावासमोरच्या टेकडीवर त्यानं तंबू ठोकला आणि दिवस उजाडताना उभा राहून धूर मोजू लागला. जिथून धूर, तिथून पट्टी. संक्रांतीला तंबू पुढच्या खोऱ्यात हलायचा होता. तोवर जेवढे धूर दिसतील तेवढी पट्टी गावाच्या माथ्यावर कायमची बसणार होती.

चावडीवर म्हातारे जमले. एकानं सुचवलं, कारकुनाच्या पाया पडू. दुसऱ्यानं सुचवलं, सगळे मिळून पडू. तिसऱ्यानं मिशीवरून हात फिरवला आणि काहीच सुचवलं नाही, तोच सगळ्यांत शहाणा ठरला. केवळाई पायऱ्यांखाली उभी होती, वर चढायची तिला मुभा नव्हती. ती खालूनच बोलली, "धूर मोजतोय न्हवं त्यो? मग एकच धूर दाखवा त्याला. माळावर एक चूल घाला, अख्ख्या गावाची."

"अन् भाकरी कोण थापणार?" पाटलानं विचारलं.

"जिचा हात मोकळा असंल ती."

म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. पण पट्टी वाचणार होती, म्हणून पाटलानंच आधी बेलभंडारा उचलला, मागून सगळ्यांनी. संक्रांतीपर्यंत घरात चूल पेटणार नाही, निखारासुद्धा घरात जाणार नाही, अशी शपथ झाली.

दुसऱ्या दिवशी टेकडीवरून कारकुनाला एकच धूर दिसला. तो डोळे चोळून चोळून थकला, असं म्हणतात. माळावर बाया एका ओळीत बसून भाकरी थापत होत्या, गावातल्या आणि कुसाबाहेरच्या, आणि काठवट कुणाची ते कुणी विचारत नव्हतं. पोरं तर हरखूनच गेली. म्हातारेही यायचे, भाकर घ्यायचे, मान डोलवायचे आणि घरी नेऊन गोठ्यात बैलापुढे टाकायचे. स्वतः फुटाणे चावायचे, गुळाचा खडा चघळायचे. त्या पौषात बोरदऱ्याचे बैल कधी नव्हे इतके तुकतुकीत झाले आणि म्हाताऱ्यांचे गाल आत गेले. बायांना सगळं कळत होतं. "पाटील, बैल काय म्हणतोय, मीठ बराबर हाय का?" असं एकीनं विचारलं तेव्हा पाटील खाकरून निघून गेला.

थंडी वाढली. केवळाईची नातसून अनसा दिवसांत होती. तिला अवेळी कळा सुरू झाल्या. बाळंतिणीला शेक लागतो, कोवळ्या पोराला ऊब लागते, हे केवळाईइतकं कुणाला माहीत होतं? पण झोपडीत निखारा न्यायचा नाही, ही शपथ तिच्याच युक्तीची. म्हणून ती पाटलाकडे गेली. माळावरच्या चुलीशेजारी आडोसा करते, अनसाला तिथं निजवू द्या, एवढंच तिनं मागितलं.

पाटील म्हणाला, "चुलीवर गावाचं अन्न शिजतंय, केवळे. बाळंतिणीचा विटाळ कसा चालंल?"

ज्या अन्नाचा घास त्यानं एकदाही तोंडात घातला नव्हता, त्या अन्नाला विटाळ.

केवळाई परत फिरली. माळावरून गरम पाणी नेलं, वाटेत ते निवलं. तापलेले दगड चिंध्यांत गुंडाळून नेले, तेही निवले. बायांनी आपापली घोंगडी आणून टाकली. पहाटे पोरगी झाली. रडली, मग बारीक रडली, मग गप्प झाली. केवळाईनं तिला उघड्या छातीशी धरलं. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं जगात आणणारे ते हात आपल्या पोरीला धरून राहिले आणि पोरगी त्यांतच गार झाली.

तो भोगीचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी तंबू हलणार होता. पण भोगीला ऊन पाण्यानं न्हायचं, तीळ लावलेली बाजरीची भाकर खायची, आणि पाटलाला ती घरच्याच हातची पाहिजे होती. मागच्या खोलीत लहानसा जाळ, धाब्यातल्या धूर जायच्या सवण्यावर ओलं पोतं, कुणाला कळतंय, असा त्यानं हिशेब केला.

पोत्यातून धूर वर आला. वारा सुटला होता, तरी तो वाकला नाही, असं म्हणतात. पाटलाच्या घरावर देवळाच्या खांबासारखा सरळ उभा राहिला. केवळाईनं मेलेलं पोर मांडीवर घेऊन तो पाहिला. टेकडीवरून कारकुनानंही पाहिला.

घोडी खाली आली. घराघरांत शिपाई शिरले, सारवून झाकलेल्या चुली उकरून मोजल्या. युक्ती कुणाची, असं कारकुनानं विचारलं. पाटलाच्या मागं सगळे म्हातारे उभे होते. पाटलानं बोट केलं कुसाबाहेर, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. म्हातारे आजही सांगतात की पाटलाला मारून कबूल करून घेतलं. कुणी त्याला बोटही लावलं नव्हतं.

शिपायांनी माळावरच्या चुलीवर घागरी ओतायला सुरुवात केली तेव्हा केवळाई आली. पोरगी तिनं अनसाच्या कुशीत ठेवली होती. ती चुलीपाशी वाकली आणि ओंजळीनं निखारे उचलून ओटीत भरले. लुगडं जळालं नाही, असं म्हणतात. शिपाई मागं सरले. ती पाटलाच्या दारात गेली आणि पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत उभी राहिली.

"तू पायाळू व्हतास. पायाला धरून वढून काढला तुला मी. तवा हात कुणाचा, इचारलं न्हाईस."

एवढंच बोलून ती निखाऱ्यांसकट टेकडीच्या वाटेला लागली. कुणी अडवलं नाही. कुणी सोबतही गेलं नाही. झाडीत शिरेपर्यंत तिच्या ओटीतला उजेड दिसत होता. परत ती कुणालाच दिसली नाही.

त्या दिवसापासून बोरदऱ्यात विस्तव पेटेना. चकमक झडायची, ठिणगी पडायची, कापूस काळा व्हायचा आणि विझायचा. शेजारच्या गावाहून आणलेला निखारा शिवेवर गार व्हायचा. पट्टी भरलेल्या चुली गारठून पडल्या. शेवटी अनसा टेकडीवर गेली. तिथं राखेच्या ढिगात एक निखारा जिवंत होता. तो तिनं हातानं उचलून माळावर आणला, जाळ केला, तवा ठेवला आणि पहिली भाकर भाजून उभी राहिली. पाटलाकडे पाहत उभी राहिली. लोक थंडीनं कुडकुडत होते. पाटलानं हात पुढे केला, भाकर घेतली आणि सगळ्यांदेखत खाल्ली. त्यानंतरच लोकांना त्या जाळातला विस्तव घरी नेता आला.

चूलपट्टी उठली नाही. केवळाईच्या पुण्याईनं उठली असं सांगणारे खोटं सांगतात. दरबार बुडेपर्यंत गाव ती भरत राहिलं.

अजूनही भोगीला बोरदऱ्यात घरोघरच्या चुली विझवतात. गॅसच्या शेगड्यासुद्धा बंद असतात. माळावर एकच जाळ होतो. अनसाच्या घरातली बाई पहिली भाकर भाजते आणि पाटलाच्या घरातल्या सगळ्यांत वडील पुरुषाच्या हातावर ठेवते. वरून टाकत नाही, ठेवते. दरवर्षी तो इकडंतिकडं बघतो, तुकडा मोडतो, तोंडात घोळवत बसतो. सगळं गाव उपाशी उभं असतं, पोरं रडत असतात, पण कुणी ताटाला हात लावत नाही. सगळे त्याच्या गळ्याकडे बघत असतात, घास खाली उतरेपर्यंत.