सतरा दारांची दोरी

“दोरी दारावरून गेली की झालं. आत घंटा वाजते का, ते बघायला कोण येतंय!”

ओसरीवर सासरे थोरल्या मुलाला सांगत होते आणि आत तांदूळ निवडणाऱ्या नव्या सुनेने ते ऐकलं. सून बोलत नाही म्हणजे तिला ऐकूही येत नसावं, असं त्या घरात सगळे धरून चालत.

हे घडलं त्याला इतकी वर्षं झाली, की त्या नगराचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथे निरोप दोरीवरून जात. इकडे दोरी ओढली की तिकडे घंटा वाजे. दोऱ्या टाकणारी घराणी दोन. सासऱ्यांचं, अंबाडीच्या वाखाची दोरी वळणाऱ्या अंबाडीवाल्यांचं; दुसरं रेशमाची वळणाऱ्या रेशीमवाल्यांचं. दोघांच्या धंद्यात पैसा लावत नगरातले शेठ, आणि ते एकच विचारत, “दोरी किती दारांवरून गेली?” ज्याची दारं जास्त, त्याला पैसा जास्त.

मग काय, दोघेही सराफगल्लीत धावले. तिथे दाराला दार लागून. एका दुपारी पन्नास दारं होत. भिंतीला भोक पाडून दोरी आत घ्यायला आणि घंटा टांगायला मात्र वेळ लागे, आणि त्याने दारं काही वाढत नसत. ते काम दोघेही उद्यावर टाकत.

सुनेचं माहेर दरीपलीकडे, सतरा घरांची वस्ती. वहिनीला सातवा महिना होता. वेळ आलीच, तर दरीला वळसा घालून नगरात सांगायला यायला अर्धा दिवस, आणि सुईण तिकडे पोचायला आणखी अर्धा. लग्नाच्या बैठकीत सासऱ्यांनी शब्द दिला होता, “पाडव्याच्या आत तुमच्याकडे दोरी येईल.”

पाडवा गेला. रेशीमवाल्यांनी सराफगल्लीत दुसरी दोरी टाकली, तशी वस्तीसाठी राखलेली दोरी काढून सासऱ्यांनी तिथेच तिसरी टाकली.

“आत्याबाई, वस्तीचं काय झालं?” सुनेने सासूला हळूच विचारलं.

“अगं, सतरा दारांसाठी दरी कोण उतरणार?”

सराफगल्लीत आता एकेका छपराखाली चार-चार दोऱ्या झाल्या आणि एकमेकींत अडकल्या. ज्या थोड्या घरांत घंटा लागल्या होत्या, तिथे भलतीच घंटा वाजे. मिठाईवाल्याला बोलावलं, तर न्हावी आला. एका अविवाहित सराफाकडे सुईण धापा टाकत पोचली आणि “बाळंतीण कुठाय?” म्हणून त्याच्यावरच खेकसली. गल्ली आठवडाभर हसली. मग सराफांनी कात्र्या घेतल्या, सगळ्या दोऱ्या कापल्या आणि तो गुंता सासऱ्यांच्या परसात आणून टाकला. सराफांचं काही अडलं नाही. समोरच्या दुकानात नुसती हाक मारली तरी भागत होतं.

“आत्याबाई, हे माहेरी पाठवू?”

“पाठव बाई, अडगळ तरी जाईल.” सासूला वाटलं, गुरं बांधायला हवं असेल.

सून रोज दुपारी तुकड्याला तुकडा जोडत बसली. अंबाडीला रेशीम, रेशमाला अंबाडी. वस्तीतले गुराखी दर बाजाराला एकेक भेंडोळं नेत. त्यांनी दोरी दरीत उतरवली आणि पलीकडे चढवली. घरोघरच्या भिंतींना भोकं लोकांनी आपली आपण पाडली. इकडचं टोक सुनेने माजघरात तुळईला टांगलेल्या घंटेला बांधलं.

एके सकाळी शेठ आले. रेशीमवाल्यांनाही बोलावलं होतं.

“दारं शून्य झाली. आता पैसा कुठे लावायचा?” थोरल्या शेठने विचारलं.

“यांनी गुंता केला.”

“आम्ही? तुमचं रेशीम घसरलं!”

तेवढ्यात आत घंटा तीनदा वाजली. तीन म्हणजे ‘लगेच या’. सून तडक बाहेर पडली आणि सुईणीला वाटेला लावून आली.

“ही कुठली घंटा?” शेठने विचारलं.

“दरीपलीकडची. वहिनीचे दिवस भरलेत,” ती म्हणाली.

“दारं किती तिथे?”

“सतरा.”

“सतराच?” शेठ हसले आणि पुन्हा वादाला लागले. सासरे मात्र तुळईवरच्या घंटेकडे बघत राहिले. तिला बांधलेल्या दोरीत अर्धी त्यांचीच अंबाडी होती.

वाद संध्याकाळपर्यंत चालला. दिवेलागणीला घंटा एकदाच वाजली. एक म्हणजे ‘सगळं ठीक’. ओसरीवर कुणालाच ते सांगावं लागलं नाही. सासूने आतून गूळ आणला आणि पहिला खडा रेशीमवाल्यांच्या हातावर ठेवला.

गूळ तोंडात टाकून थोरला शेठ म्हणाला, “सतराच दारं, पण घंटा कामाला आली ती तिथलीच. यापुढे पैसा दूरच्या वस्त्यांवर. दोघांनी वस्त्या वाटून घ्या. एका छपराखाली दोन दोऱ्या दिसल्या, तर आम्ही उठलो.” मग तो सुनेकडे वळला. “पोरी, एवढं केलंस, पण बोलली काहीच नाहीस.”

सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी ‘बोल’ म्हणून मान हलवली. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मामंजी, जिथे हाक पोचत नाही, तिथे आधी दोरी न्यावी.”