पाथरवटाचे एकोणीस दिवस

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक पाथरवट राहत होता. त्याच्या हातात अशी जादू होती, की दगडालाही मऊपणा यायचा. नगरशेठ डोंगरात लेणं कोरून घेत होते. आता फक्त गाभाऱ्यातल्या देवीची मूर्ती उरली होती आणि ते काम त्यांनी या पाथरवटाला दिलं होतं.

त्याच सुमारास त्याच्या एकुलत्या एक लेकीचं, तुळसाचं, लग्न ठरलं. लग्नाला एकवीस दिवस होते. शेठजींना मूर्तीही तेवढ्याच दिवसांत हवी होती.

पाथरवट बायकोला म्हणाला, "डोंगर चढण्या-उतरण्यात अर्धा दिवस जातो. मी शिधा घेऊन गाभाऱ्यातच राहतो. कुणी हाक मारायला येऊ नका. लग्नाच्या आदल्या दिवशी मीच खाली येईन."

"अहो, तिथं दिवस की रात्र, काय कळणार?"

"झोपताना रोज भिंतीवर एक रेघ ओढेन. झाला हिशोब!"

गाभाऱ्यात उन्हाचा कवडसाही पोचत नव्हता. पलित्यांच्या उजेडात छिन्नी चालू लागली. भूक लागली की तो खाई, डोळे मिटू लागले की रेघ ओढून आडवा होई. पहिले काही दिवस काम झपाट्यानं झालं. मग हात जड झाले, डोकं भणभणू लागलं. एकोणिसावी रेघ ओढून तो नुकताच कलंडला होता, तोच दाराशी बायकोचा आवाज आला.

"अहो, चला लवकर! वऱ्हाड वेशीपाशी आलंय."

पाथरवट चिडला. "काहीतरीच काय? अजून दोन दिवस आहेत. या रेघा मोज!"

"तुमच्या रेघा एकोणीस असतील, पण सूर्य एकवीस वेळा उगवलाय. काल तुमची वाट पाहून आमचे डोळे शिणले."

तो बाहेर आला आणि त्यानं डोळ्यांवर हात धरला. बाहेर लख्ख सकाळ होती. त्याच्या अंगात मात्र मध्यरात्र चालली होती.

त्यानं कसंबसं कन्यादान केलं. अक्षता पडल्या, पंगत बसली आणि पाथरवट मांडवाच्या खांबाला टेकला. पुढचं त्याला काहीच आठवत नाही.

जाग आली तेव्हा अंधार पडला होता. मांडव रिकामा होता.

"तुळसा कुठंय?"

"गेली सासरी." बायकोनं डोळे टिपले. "मी तुम्हाला उठवत होते. तीच म्हणाली, 'बाबा फार दमलेत, झोपू दे त्यांना.' तुमच्या पायांवर डोकं ठेवलं आणि निघाली."

त्या रात्री पाथरवटाचा डोळा लागला नाही. पुढच्या रात्रीही नाही. दिवसा मात्र बसल्या जागी मान पडायची. शेवटी तो आपल्या म्हाताऱ्या गुरूकडे गेला.

सगळं ऐकून गुरू म्हणाले, "लग्नात भटजी बारीक भोकाची वाटी पाण्यावर ठेवतात ना? ती भरून बुडाली की एक घटका झाली. तशीच एक वाटी आपल्या अंगातही असते. ती आपली आपण भरते, पण जरा सावकाश. रोज थोडी मागं पडते. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला, की पुन्हा वेळेवर येते. तू तीन आठवडे तिला उजेडच दाखवला नाहीस."

"मग आता काय करू?"

"सूर्य उगवला की अंगणात बैस. दुपारी डोळे मिटू लागले तरी हिंडत राहा. दिवस मावळला की पलिते विझव. घाई करू नकोस."

पाथरवट शेठजींकडे गेला आणि म्हणाला, "मूर्तीला आणखी महिना लागेल. मी सकाळचं ऊन घेऊन आत जाईन आणि सांजेला घरी परतेन. हे चालत नसेल, तर दुसरा माणूस बघा."

शेठजींनी कपाळाला आठ्या घातल्या, पण असा हात दुसरा नव्हता. ते कबूल झाले. आठ-दहा दिवसांत पाथरवटाला रात्री शांत झोप लागू लागली. महिन्यानं मूर्ती पुरी झाली.

दिवाळसणाला लेक-जावई आले. चार दिवस राहून भल्या पहाटे निघाले. पाथरवट त्यांच्या आधी उठून तयार होता. ओढ्यापर्यंत तो लेकीच्या गाडीबरोबर चालत गेला.

तुळसा हसून म्हणाली, "बाबा, आज झोप नाही वाटतं आली?"

"आली होती की," तो तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "रात्रीच येऊन गेली."

तात्पर्य: उजेडाकडे पाठ फिरवून वाचवलेला वेळ देहाच्या हिशोबात वाचत नाही, आपल्या माणसांसोबतच्या घडीलाच तो कमी पडतो.