कोकमतेलाचा गोळा

घरातले जिन्नस आपसात बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. मिठागरात राबणाऱ्या मथुराबायच्या टाचांना इतक्या भेगा पडल्या, की तिला पाऊल टेकवेना. नुसतं खोबरेल चोळून उतार पडेना. शेवटी तिने कढईत खोबरेल ओतलं, त्यात कोकमतेलाचा पांढरा गोळा टाकला आणि कढई निखाऱ्यांवर ठेवली.

गोळ्याला आपल्या घट्टपणाचा भारी अभिमान. वैशाखातही तो कधी पाघळला नव्हता. "तुझं बरं आहे," तो खोबरेलाला म्हणाला, "जिकडे उतार तिकडे तू. मी काही वितळणार नाही."

"दादा, मी भेगेत शिरतं, पण टिकत नाही," खोबरेल म्हणालं. "तुम्ही टिकाल, पण शिरणार कसे? मग या बाईनं चालायचं कसं?"

गोळा हलेना. आच कमी पडली असं वाटून मथुराबाय लाकूड आणायला गुडघ्यांवर रांगत निघाली. मिठाची पाटी घेऊनही मान ताठ ठेवणारी ही बाई. तिला तसं सरपटताना गोळ्याला बघवेना. तो मुकाट्याने वितळला.

ते मलम घोटून तिने आठ दिवस टाचांना लावलं. नवव्या दिवशी ती पाटी डोक्यावर घेऊन मिठागराच्या बांधावर चढली. तिचा सगळा भार टाचेवर आला, तेव्हा आत मुरलेलं कोकमतेल खोबरेलाला म्हणालं, "सांभाळ हो. बाय आपल्या जिवावर चालली आहे."